सेमिनरीच्या फॉर्मआधी उधन्याचं तिकीट

नाताळाचे दिवे उतरले की आमच्याकडे पोरं यायला लागतात. हातात मोबाईल, मोबाईलमध्ये कुठल्यातरी सेमिनरीचा, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजाचा, फॉर्म. "जय ख्रिस्त पाळकसाहेब, शिफारसपत्रावर सही पाहिजे होती. शहरात सेवा करायचं पाचारण आहे." मी चहा मागवतो आणि एकच विचारतो : सुरतेतल्या उधन्याला शेवटचा कधी गेला होतास? पोरगं गोंधळतं. सेमिनरी पुण्यात, आणि साहेब उधन्याचं काय विचारतात?

विचारतो, कारण आपल्या मंडळीचं, म्हणजे आपल्या चर्चच्या माणसांचं, शहर कुठे आहे हे आधी ठाऊक हवं. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे होते आणि शहरी भागात राहणारे जेमतेम १७ टक्के. कागदावर आपण खेड्यातले. पण दिवाळी झाल्यावर नवापूर, साक्री, अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवर फिरून या. किती दारांना कुलूप दिसतं ते मोजा. माणसं सुरतेत उधना, पांडेसरा, लिंबायतला लूमवर (यंत्रमागावर), बारडोलीकडे ऊसतोडीला, नाहीतर नाशिकला सातपूर-अंबडच्या कंपन्यांत. जळगाव-भुसावळकडची पोरं कल्याण नाहीतर चाकण धरतात. मंडळी केव्हाच शहरात पोचली, पाळक अजून फॉर्म भरतोय.

खाली जे सांगतोय ते शक्यतो ह्याच क्रमाने करा. मी उलट्या क्रमाने केलं होतं : आधी डिग्री, मग शहर. त्याची फळं पुढे येतीलच.

आधी चार दिवस जाऊन राहा

ताप्ती लाइनची सुरतेकडची पॅसेंजर पकडा. नवापूर स्टेशनात गाडी थांबली की फलाटावरचा तो बाक बघून घ्या, अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये. लोक त्यावर बसून फोटो काढतात. तुम्हाला मात्र पुढची कित्येक वर्षं ही रेघ ओलांडायची आहे : इकडे एक भाषा, एक रेशनकार्ड, एक कायदा, तिकडे दुसरं सगळं.

उतरल्यावर चर्च शोधत बसू नका. गावातल्या ओळखीच्या माणसाची खोली शोधा. मी पहिल्यांदा गेलो ती खोली दहा बाय दहाची होती आणि राहणारे आठ. चौघं दिवसपाळीला, चौघं रातपाळीला, त्यामुळे गाद्या चारच. एक उठला की त्याच उबेवर दुसरा आडवा होई. कोपऱ्यात स्टो, वर दोरीवर वाळत घातलेले टॉवेल आणि भिंतीवर आपल्याकडचं वचनांचं कॅलेंडर, पण पान दोन महिने मागचं. फाडायला कोणाला सवड नव्हती.

रविवारी संध्याकाळी तिथेच प्रार्थना ठेवली. मी तेव्हा नुकताच शिकून आलेला, त्यामुळे बायबलच्या मूळ ग्रीकमधल्या एका शब्दाचे तीन अर्थ सांगत पाऊण तास बोललो. आठातले तीन भिंतीला टेकून झोपले होते. शेवटी एक दादा हळूच म्हणाला, "साहेब, चांगलं आहे सगळं, पण माझी पाळी सातला आहे." तेव्हापासून माझा संदेश बारा मिनिटांच्या पुढे जात नाही.

चार दिवसांत वहीत एवढं तरी लिहून आणा : आपल्या गावची किती माणसं तिथे आहेत, कोणत्या पाळीला, बायका-मुलं सोबत आहेत का, मुलं कोणत्या माध्यमाच्या शाळेत जातात, प्रार्थना कोणत्या भाषेत करतात (मावची? अहिराणी? की आता हिंदीच?), आणि कोणी वारलं तर पुरतात कुठे.

शेवटच्या प्रश्नावर पोरं हसतात. सुरतेतल्या माझ्या पहिल्याच पावसाळ्यात आमच्यातला एक जण कामावर शॉक लागून गेला. पोलिसांचा पंचनामा, पोस्टमॉर्टेम, मृतदेह ताब्यात घ्यायला कोणाची सही चालते, राज्याबाहेर न्यायला कोणते कागद सोबत लागतात, शववाहिनी रात्रीची मिळते का, ह्यातलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. इस्पितळाच्या आवारात पहाटेपर्यंत बसलो होतो. खिडकीवरचा माणूस दर वेळी एक नवा कागद सांगे. मृताचा भाऊ माझ्या तोंडाकडे बघत होता, कारण मी शिकलेला होतो ना! शेवटी शेजारच्या खोलीतल्या एका ओडिया कामगाराने सगळं निस्तरलं. त्याने आधी दोनदा केलं होतं. सेमिनरीत मी अंत्यविधीच्या उपासनेचा पूर्ण पेपर दिलेला होता, गुणही बरे पडले होते.

म्हणून सांगतो, वही भरून आणा. पुढे मुलाखतीत हीच वही उपयोगी पडेल.

मंडळीचं पत्र, आणि सहीपलीकडचं

शिफारसपत्राशिवाय कुठलीही नीट सेमिनरी घेत नाही. पाळकाचं पत्र, बाप्तिस्म्याचा दाखला, सभासदत्व, आणि बहुतेक ठिकाणी तुमची स्वतःची साक्ष एक-दोन पानांत. साक्षीत नाट्य घालू नका. 'मी मरणाच्या दारातून परतलो' छापाच्या साक्षी वाचून प्रवेश समितीचे डोळे थकलेले असतात. शहराचं हित पाहा म्हणणारा यिर्मयाचा एकोणतिसावा अध्यायही सगळेच काढतात. गेल्या वर्षभरात मंडळीत तुम्ही नेमकं काय काम केलं ते लिहा : संडे स्कूल घेतलं, तरुणांची सभा चालवली, आजाऱ्यांना इस्पितळात नेलं, काय असेल ते.

पत्र मागायला जाल तेव्हा चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलमंडळींना समोरासमोर विचारा : शिकून आल्यावर मला कुठे ठेवणार? खान्देशात मंडळ्यांचे वारसे वेगवेगळे. पूर्वेला अलायन्स मिशन, पश्चिमेला स्कँडिनेव्हियन मिशनांच्या कामातून उभ्या राहिलेल्या मंडळ्या, शिवाय सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कॅथलिक, आणि आता गल्लोगल्लीच्या स्वतंत्र मंडळ्या. प्रत्येकाची दीक्षेची रीत निराळी, कोणती डिग्री चालते तेही निराळं. मुलींनी तर हा प्रश्न अगदी आधी विचारावा. सीएनआयमध्ये स्त्रियांना पाळकीय दीक्षा मिळते. इतर काही मंडळ्यांत डिग्री कितीही मोठी असो, 'संडे स्कूल बघा ताई' इतकंच वाट्याला येतं. चार वर्षं घालवून ते कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

कोणती डिग्री

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा सविस्तर.

बारावीनंतर थेट होते ती बी.टी.एच., म्हणजे बॅचलर ऑफ थिऑलॉजी (ईश्वरविज्ञान). पदवीधरांसाठी आहेत बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) किंवा एम.डिव. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी). नावात 'बॅचलर' असलं तरी बी.डी. ही आधीच्या पदवीनंतर घ्यायची असते, त्यामुळे घरच्यांना 'परत बॅचलर?' असं वाटलं तर समजावून सांगा. ह्या दोन्हींपैकी एक झाल्यावर पुढे एम.टी.एच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी).

बी.डी. देते ती सेरामपूरची सिनेट. हे सेरामपूर म्हणजे नगरकडचं श्रीरामपूर नव्हे (एका पोराच्या वडिलांनी खरंच तिकडची एसटी बघून ठेवली होती), बंगालमधलं हुगळीकाठचं. १८१८ साली विल्यम कॅरी आणि सोबत्यांनी तिथे कॉलेज काढलं, १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने पदव्या द्यायची सनद दिली. आपला त्या गावाशी जुना संबंध आहे : कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ साली तिथेच छापलं गेलं. आज देशभरातली कॉलेजं ह्या सिनेटला जोडलेली आहेत. अभ्यासक्रम आणि परीक्षा सिनेटच्या, शिकायचं आपापल्या कॉलेजात.

एम.डिव.ला बहुधा एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे एटीएची, मान्यता असते. ही ईश्वरविज्ञानाच्या शाळांची आपसातली मान्यता झाली. सरकारी विद्यापीठाची पदवी समजून पुढे प्राध्यापकीची स्वप्नं बघू नका. मंडळीच्या सेवेला ती चालते, फक्त तुमच्या मंडळीला चालते का ते पत्र मागताना वडीलमंडळींनाच विचारून घ्या. ह्या दोन्हींपैकी कुठलीच मान्यता नसलेली, 'सहा महिन्यांत डॉक्टरेट' वाटणारी दुकानंही आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात आली तर पुढे पाठवू नका.

पदवी अजून झालेली नसेल तर ती आधी. जळगावचं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० पासून आहे, आता कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाने. नोकरी करत शिकायचं तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ. विषय कोणताही चालतो, पण शहरात सेवा करायची असेल तर समाजशास्त्र किंवा समाजकार्य घ्या. बी.डी.च्या वर्गात जो कामगार कायदा वाचून येतो, तो ग्रीक येणाऱ्यापेक्षा सुरतेत लवकर उपयोगी पडतो.

आदिवासी मुलांसाठी एक गोष्ट, कारण ह्यावरून कॉलेजच्या खिडकीवर घाबरवलं जातं : अनुसूचित जमातींच्या यादीला धर्माची अट नाही. ख्रिस्ती असल्यामुळे भिल्ल, मावची, पावरा मुलाचा जमातीचा दर्जा जात नाही. अनुसूचित जातींचं तसं नाही. १९५० च्या आदेशानुसार तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरता आहे. दोन्हींची गल्लत करून कोणी फॉर्म परत केला तर शांतपणे समाज कल्याण किंवा आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात जाऊन लेखी विचारा.

नोकरी आणि घर सोडता येत नसेल तर सेरामपूरचाच बाह्य अभ्यासक्रम आहे, बी.सी.एस. (बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज), किंवा बंगळूरची टाफ्टी ही घरी राहून ईश्वरविज्ञान शिकवणारी संस्था. पाळकाच्या दीक्षेला ते पुरेलच असं नाही, पण लूमवर सुपरवायझर असलेला एखादा भाऊ रविवारची मंडळी सांभाळत असेल तर त्याच्यासाठी हेच सोयीचं.

कुठे

खान्देशातल्या पोराला सगळ्यात जवळचं पुणं. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ साली यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात आली. सेरामपूरच्या पदवीसाठी आपल्याकडची बरीच मुलं तिथेच जातात. जबलपूरचं लिओनार्ड कॉलेज हिंदी पट्ट्यात आहे, भुसावळवरून थेट गाड्या. बंगळूरला युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज आहे. कॅथलिक मुलांची वाट पूर्ण वेगळी : आपले तिन्ही जिल्हे १९८७ पासून नाशिक धर्मप्रांतात येतात, तेव्हा आधी आपल्या फादरांना आणि धर्मप्रांताच्या पाचारण संचालकांना भेटा. तत्त्वज्ञान, मधला सेवाकाळ, मग ईश्वरविज्ञान अशी ती आठ-दहा वर्षांची वाट आहे आणि त्यातला अभ्यास पुण्याच्या रामवाडीतल्या 'ज्ञानदीप' संस्थेत होऊ शकतो.

निवडताना इमारत बघू नका. मुद्दाम जाऊन तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना मेसमध्ये गाठा आणि विचारा : शनिवार-रविवारी फील्डवर्कला कुठे पाठवतात? तुम्हाला वस्तीत पाठवतात की एसी चर्चमध्ये गिटार वाजवायला? गरीब वस्त्यांमधल्या सेवेचे काही मास्टर्स अभ्यासक्रम असे आहेत की विद्यार्थ्याला वस्तीतच खोली घेऊन राहावं लागतं, तिथलीच भाषा शिकावी लागते. आपल्याकडच्या बी.डी.त तसं बंधन नसतं, पण फील्डवर्कची जागा मागून घेता येते. मागा. पुण्यात असाल तर चाकण-भोसरीला खान्देशी पोरं सापडतीलच. 'काय करी ऱ्हायना भाऊ?' एवढं म्हटलं की दार उघडतं.

इंग्रजीची भीती, ग्रीकची नको

प्रवेशपरीक्षेत साधारणपणे बायबलचं ज्ञान, इंग्रजी आणि निबंध असतो, नंतर मुलाखत. बहुतेक सेमिनऱ्यांचं वर्ष जूनच्या सुमारास सुरू होतं, म्हणून अर्ज नाताळ ते होळीच्या मध्ये उरकावा लागतो.

मराठी माध्यमातली पोरं इंग्रजीला अडखळतात, हे खरं आहे आणि त्याला शॉर्टकट नाही. मी स्वतः रोज एक अध्याय मराठीत वाचून तोच इंग्रजीत वाचायचो आणि चार ओळींत सारांश लिहायचो. सहा महिन्यांनी वर्गातलं निम्मं कळू लागलं, बाकीचं निम्मं दुसऱ्या वर्षी.

ग्रीकची मात्र धास्ती घेऊ नका, तिथे आपण पुढे असतो. ग्रीक नामाला विभक्ती लागतात. प्रथमा, द्वितीया, चतुर्थी, षष्ठी, संबोधन शाळेत घोकलेली असतात. लिंगं तीन, आपल्यासारखीच. इंग्रजी शाळेतली मुलं 'शब्दाचं रूप का बदलतं' इथेच अडतात, तेव्हा आपण पुढच्या पानावर असतो. हिब्रू (जुन्या कराराची भाषा) उजवीकडून डावीकडे लिहितात, ती सवय महिनाभरात होते. क्रियापदाला लिंग असतं हे तर 'तो गेला, ती गेली' म्हणणाऱ्याला सांगावंच लागत नाही. माझ्या वर्गात हिब्रूचं पहिलं बक्षीस एका मावची बोलणाऱ्या मुलीने नेलं होतं.

कागद आणि पैसा

गुणपत्रिका, पदवीचा दाखला, विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट, वैद्यकीय दाखला, फोटो, हे सगळे सांगतात. कोणी सांगत नाही ते नावाचं. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर 'योहान', आधारवर 'जान्या', दहावीच्या सर्टिफिकेटवर 'जॉन' आणि आडनाव एका ठिकाणी गावित, दुसऱ्या ठिकाणी बापाच्या नावाने. असल्या चार नावांचा माणूस चार वर्षांनी डिग्री घ्यायला उभा राहिला की अडकतो. दहावीचं नाव धरा, बाकीचे कागद त्याप्रमाणे करून घ्या. नाव खरंच बदलायचं असेल तर राज्याच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या. अर्ज ऑनलाइन होतो.

फी आणि मेस मिळून रक्कम घरच्याने पेलण्यासारखी क्वचितच असते. तीन वाटे करा : एक घरचा, एक मंडळीचा, एक सेमिनरीच्या शिष्यवृत्तीचा. मंडळीचा वाटा लहान असला तरी असू द्या. महिन्याला पाचशे रुपये देणारी मंडळी तुम्ही सुट्टीत आलात की काय शिकलात ते विचारते.

परदेशातल्या कोणी मिशनरी मित्राने 'तुझ्या खात्यावर पाठवतो, मंडळीला वाट' म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणा. २०१० च्या परकीय देणगी कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच असा पैसा घेता येतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो आणि एका संस्थेने दुसरीकडे वळवायलाही बंदी आली. स्वतःच्या बचत खात्यातून हा व्यवहार करणारे चांगले लोक मी अडचणीत आलेले पाहिलेत.

शिकत असताना

सुट्टीत घरी येऊन आईच्या हातची कळण्याची भाकरी खा, भरीत खा, पण मे महिन्यातले पंधरा दिवस शहरासाठी राखा. पहिल्या वर्षीची वही दर वर्षी पुढे लिहीत चला. व्यसनमुक्ती, कामगारांची भरपाई, इस्पितळातलं समुपदेशन ह्यांचे छोटे कोर्स मिळाले तर घ्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पाळकांना रुग्णांसोबत काम करण्याचं प्रशिक्षण मिळतं. मला ते आधी मिळालं असतं तर त्या पहाटे इस्पितळाच्या आवारात मी निदान त्या भावाशेजारी नीट बसलो तरी असतो.

कायदा तेवढा वाचून घ्या. संविधानाच्या कलम २५ ने धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात असंही म्हटलं की दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. गुजरातमध्ये २००३ च्या कायद्याप्रमाणे धर्मांतराच्या विधीला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. मध्य प्रदेशात २०२१ च्या कायद्यात साठ दिवस आधी कळवायची अट आहे. म्हणजे नवापूरहून उधन्याला किंवा रावेरहून बुऱ्हाणपूरला गेलात की नियम बदलला. आपल्या बाजूचा आजचा कायदाही वकिलाकडून समजून घ्या, यूट्यूबवरून नको. खोलीतली प्रार्थना असेल तर घरमालकाला आधी सांगा, माइक लावू नका, रात्री दहानंतर तर नाहीच. इस्पितळाचा खर्च केला, शाळेची फी भरली, तर ती बाप्तिस्म्याच्या गोष्टीत कधीही मिसळू देऊ नका. कायद्यासाठीही नाही आणि प्रभूसाठीही नाही.

पहिलं वर्ष

डिग्री घेऊन शहरात उतरलात की पहिले सहा महिने नवं काही उभारू नका. आधीपासून ज्याच्या खोलीत प्रार्थना चालते त्याच्या हाताखाली बसा, तो सातवी शिकलेला असला तरी. उपासनेची वेळ पाळ्या बघून ठरवा. आमच्याकडे रविवारी दोन होतात, सकाळी रातपाळीवाल्यांची आणि संध्याकाळी दिवसपाळीवाल्यांची, संदेश एकच. भजनं मावचीत, शास्त्रवाचन मराठीत, आणि सुरतेत वाढलेल्या मुलांसाठी हिंदी-गुजराती, असा खिचडी कार्यक्रम चालतो. प्रभुभोजनाची (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीची) तारीख पगाराच्या आठवड्यात ठेवू नका, अर्धी माणसं पैसे पाठवायच्या रांगेत असतात.

आणि होळी आली की गडबडू नका. त्या आठवड्यात सगळ्या खोल्या रिकाम्या होतात, सातपुड्याकडच्या गाड्यांना लोंबकळायला जागा नसते. पहिल्या वर्षी मी रविवारी सकाळी खुर्च्या मांडून बसलो होतो, समोर तीन माणसं, त्यातला एक घरमालक. दुसऱ्या वर्षी मी शनिवारीच पिशवी भरली आणि त्यांच्याच डब्यात चढलो. नवापूरपर्यंत उभ्याने आलो. तेवढ्या वेळात वर्षभरात न कळलेली चार घरं कळली.